विश्वाच्या वहीतील उचंत नोंद

'ध्रुवीकरण' हा शब्द आपल्या वाचनात येतो तो बहुधा निवडणुकीच्या दिवसांत. समाज दोन टोकांकडे ओढला जाऊ लागला की ध्रुवीकरण झाले असे आपण म्हणतो. पदार्थविज्ञानात मात्र हे प्रकाशाच्या एका साध्या गुणाचे नाव आहे. विश्वातील सर्वांत जुन्या प्रकाशाचे ध्रुवीकरण आणि त्याच्या मोजणीवरून २०१४ साली घडलेला एक प्रसंग, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु तो प्रसंग मुळात हिशेबाचा आहे, आणि हिशेब आपल्या समाजात घरोघरी कळतो.

लेखाचे निमित्त एक चूक आहे आणि ती माझी स्वतःची आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात आमच्या स्वाध्याय मंडळात लोकस्वरूपावर चर्चा चालली होती. लोक अनादि-अनंत आहे, तो कोणी निर्माण केलेला नाही, द्रव्ये नित्य असून त्यांचे पर्याय तेवढे बदलत राहतात, हे आपले मूलभूत प्रतिपादन. नेमक्या त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत बातमी झळकली की, विश्वाच्या जन्मक्षणाचा पुरावा शास्त्रज्ञांना दक्षिण ध्रुवावर सापडला. मी उत्साहाच्या भरात मंडळात सांगून टाकले की, आता आरंभ सिद्ध झाला, आपल्याला आपल्या मताचा फेरविचार करावा लागेल. मंडळात धान्याचा व्यापार केलेले एक वयोवृद्ध शेठजी येत असत. त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, ही नोंद दुसऱ्या कोणाच्या वहीशी ताडून पाहिली आहे का?"

"शेठजी, हार्वर्डचे शास्त्रज्ञ आहेत," असे म्हणून मी हसलो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने असे उत्तर द्यायला नको होते. दोन शाखांच्या हिशेबांचा ताळमेळ लागेपर्यंत कोणतीही नोंद पक्की धरायची नाही, हा आमच्या नोकरीतील पहिला धडा होता. पुढे दहा महिन्यांनी शेठजींचा प्रश्न किती रास्त होता हे साऱ्या जगाला कळले. ती हकीकत आता क्रमाने सांगतो.

कबुतरांची घाण आणि जुना प्रकाश

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होल्मडेल नावाचे गाव आहे. तेथे बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेची एक मोठी कर्ण्यासारखी अँटेना होती. उपग्रहांवरून येणारे क्षीण संदेश टिपण्यासाठी ती उभारलेली होती. १९६४ साली आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोन शास्त्रज्ञ तिच्यावर काम करीत असताना त्यांना एक बारीक खरखर सतत ऐकू येऊ लागली. अँटेना कोणत्याही दिशेला वळवली, दिवस असो वा रात्र, ऋतू कोणताही असो, खरखर तेवढीच राही.

त्यांनी प्रथम स्वतःच्या उपकरणावर संशय घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्राचे सांधे तपासले. न्यू यॉर्क शहराकडे अँटेना रोखून तेथील गोंगाट कारणीभूत आहे का ते पाहिले. अँटेनेच्या आत कबुतरांच्या एका जोडीने घरटे केले होते आणि आतला भाग विष्ठेने माखला होता. ती घाण त्यांनी स्वतः साफ केली. कबुतरे दूर नेऊन सोडली, ती परत आली, आणि अखेर मारली गेली. जीवदया मानणाऱ्या आपल्या वाचकांना हे टोचेल, पण घडले ते असे. एवढे करूनही खरखर कायम राहिली. जवळच्याच प्रिन्स्टन विद्यापीठातील रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी नेमक्या याच लहरींचा शोध घेण्याच्या तयारीत आहेत असे कळले, तेव्हा तिचा उलगडा झाला. १९६५ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि १९७८ साली पेन्झियस व विल्सन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ती खरखर म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाश होता. आजच्या सर्वमान्य गणितानुसार सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सारे विश्व अतिशय दाट व तप्त होते. इलेक्ट्रॉन मोकळे फिरत होते आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून दाट धुक्यात कंदिलाचा उजेड अडावा तसा अडकून पडत होता. विश्व प्रसरण पावत थंड होत गेले. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३००० अंशांच्या आसपास आले, इलेक्ट्रॉन अणूंत बांधले गेले, धुके निवळले आणि प्रकाश वाट मोकळी होताच निघाला. तो आजही प्रवास करतो आहे. विश्वाच्या प्रसरणाबरोबर त्याच्या लहरी सुमारे ११०० पट ताणल्या गेल्या आणि त्या आता सूक्ष्मलहरींच्या रूपात आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांचे तापमान उणे २७० अंश सेल्सियस, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या केवळ २.७ अंश वर आहे. वाचक हा अंक हाती घेऊन बसले आहेत त्या खोलीतील प्रत्येक घन सेंटिमीटर जागेत या प्रकाशाचे सुमारे ४१० कण या क्षणी आहेत. जुन्या दूरदर्शन संचावर कार्यक्रम संपल्यानंतर जे पांढरे ठिपके नाचत, त्यांतही याचा थोडासा अंश असे.

हा प्रकाश सर्व दिशांनी जवळजवळ सारखा आहे. १९८९ साली सोडलेल्या 'कोबे' उपग्रहाने १९९२ मध्ये दाखवून दिले की, त्यात एक लाखात एक भाग इतका बारीक चढउतार आहे. त्या चढउतारांतूनच पुढे दीर्घिका आणि तारे घडले. या कामासाठी जॉन मॅथर आणि जॉर्ज स्मूट यांना २००६ चे नोबेल मिळाले.

रांगोळी आणि भिरभिरे

आता ध्रुवीकरणाकडे वळू. प्रकाश ही लहर आहे, आणि दोरी हलवल्यावर ती प्रवासाच्या दिशेला आडवी हलते तशी ही लहर आडवी कंप पावते. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात ही कंपने सर्व आडव्या दिशांनी सरमिसळ झालेली असतात. असा प्रकाश पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून परावर्तित झाला की त्यात एका विशिष्ट दिशेचे कंपन अधिक उरते. यालाच प्रकाशाचे ध्रुवीकरण म्हणतात. मोटार चालवताना काही मंडळी जो पोलरॉइड चष्मा लावतात, तो ही एका दिशेची चकाकी गाळून टाकतो.

विश्वातील जुना प्रकाश धुक्यातून सुटला तेव्हा तो शेवटच्या वेळी इलेक्ट्रॉनवर आपटला होता. एखाद्या इलेक्ट्रॉनवर एका बाजूने अधिक आणि आडव्या बाजूने कमी प्रकाश पडत असेल, तर तेथून निघणारा प्रकाश किंचित ध्रुवीकृत होतो. म्हणजे त्या क्षणी त्या ठिकाणी द्रव्य कसे हलत होते, याची खूण प्रकाशाच्या अंगावर उमटून राहते. मार्टिन रीस यांनी १९६८ सालीच हे भाकीत केले होते. परंतु खूण इतकी क्षीण की ती प्रत्यक्ष दिसायला ३४ वर्षे लागली. सप्टेंबर २००२ मध्ये दक्षिण ध्रुवावरील 'दासी' या दुर्बिणीने ती टिपली. तिचे हे नाव इंग्रजी आद्याक्षरांपासून झाले आहे, पण आपल्या कानाला ते आपलेच वाटते.

या खुणा आकाशभर पसरलेल्या आहेत आणि त्यांची नक्षी दोन प्रकारची असू शकते. पहिल्या प्रकारात रेषा मध्यबिंदूपासून बाहेर फाकतात किंवा त्याच्याभोवती कडे करतात, एखाद्या साध्या रांगोळीसारख्या. अशी रांगोळी आरशात पाहिली तर जशीच्या तशी दिसते. दुसरा प्रकार जत्रेतील कागदी भिरभिऱ्यासारखा असतो. पाती एका बाजूला कललेली असल्याने आरशात ते भिरभिरे उलटे दिसते. शास्त्रज्ञ या दोन प्रकारांना 'ई' आणि 'बी' अशी अक्षरे वापरतात. द्रव्याच्या कमीअधिक दाटपणामुळे केवळ रांगोळीची नक्षी उमटते. भिरभिऱ्याची नक्षी आकाशाच्या मोठ्या पट्ट्यांवर उमटायची असेल तर त्या काळी अवकाशच थरथरले असले पाहिजे, म्हणजे गुरुत्वलहरी पसरल्या असल्या पाहिजेत. १९९७ साली दोन संशोधकगटांनी हे गणिताने मांडले.

गुरुत्वलहरींना एवढे महत्त्व का? १९८१ साली ॲलन गुथ यांनी अशी कल्पना मांडली की, अगदी आरंभीच्या काळात, सेकंदाच्या अकल्पनीय सूक्ष्म अंशात, विश्व प्रचंड वेगाने फुगले असावे. आंद्रेई लिंडे आणि इतरांनी ती कल्पना विकसित केली. तिचे इंग्रजी नाव 'इन्फ्लेशन', म्हणजे आपण व्यापारी व बँकवाले ज्याला चलनवाढ म्हणतो तोच शब्द. विश्व खरोखर असे फुगले असेल तर त्या धक्क्याने गुरुत्वलहरी उठल्या असतील आणि जुन्या प्रकाशात भिरभिऱ्याची नक्षी सोडून गेल्या असतील. ३ लाख ८० हजार वर्षांच्या धुक्यापलीकडचे काही पाहायचे असेल तर ही एक मोठी खूण होती. म्हणून जगातील उत्तमोत्तम पथके तिच्या मागे लागली.

१७ मार्च २०१४

दक्षिण ध्रुवावर सहा महिन्यांची रात्र असते. समुद्रसपाटीपासून उंची २८०० मीटर, हवा जगातील कोरड्यांत कोरडी. पाण्याची वाफ सूक्ष्मलहरी शोषून घेते, म्हणून या कामाला तशीच कोरडी जागा लागते. हिवाळ्यात विमानांची ये-जा बंद असते आणि दुर्बिणीजवळ राहिलेल्या माणसांना महिनोन्‌महिने तेथेच काढावे लागतात. या ठिकाणी 'बायसेप-२' नावाची दुर्बीण २०१० ते २०१२ अशी तीन वर्षे आकाशाच्या सुमारे एक टक्का भागाकडे एकाग्रतेने पाहत होती. तिचे भिंग जेवणाच्या ताटाएवढे, केवळ २६ सेंटिमीटर व्यासाचे. पण आतले ५१२ संवेदक निरपेक्ष शून्याच्या जवळपास थंड ठेवलेले होते. आकाशाचा तो तुकडाही विचारपूर्वक निवडला होता. आपल्या आकाशगंगेची धूळ तेथे सर्वांत कमी असावी असा अंदाज होता.

१७ मार्च २०१४ रोजी अमेरिकेतील केंब्रिज येथे, हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात, जॉन कोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की भिरभिऱ्याची नक्षी सापडली आहे. गुरुत्वलहरींचा वाटा दाखवणाऱ्या आकड्याला शास्त्रज्ञ 'आर' म्हणतात. तो ०.२० इतका मोठा आला होता. जगभर आनंद झाला. पथकातील चाओ-लिन कुओ हे आंद्रेई लिंडे यांच्या दारात जाऊन त्यांना व त्यांच्या पत्नी रेनाटा कॅलोश यांना ही वार्ता देत असल्याची चित्रफीत लक्षावधी लोकांनी पाहिली. त्या आनंदाच्या क्षणीही लिंडे यांनी एक शंका बोलून दाखवली होती. केवळ सुंदर आहे म्हणून तर आपण या कल्पनेवर विश्वास ठेवत नाही ना, अशा आशयाची. टाळ्यांच्या गजरात ती कोणी फारशी ऐकली नाही. मीही ती चित्रफीत पाहिली होती, पण हे वाक्य माझ्या लक्षात राहिले नव्हते.

आकाशातील धूळ

आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत अतिसूक्ष्म धूलिकण तरंगत असतात. ते लांबट असतात आणि आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे एका दिशेने रांगेत लागतात. त्यांच्यातून क्षीण सूक्ष्मलहरी बाहेर पडतात, आणि कण रांगेत असल्यामुळे त्या लहरीही ध्रुवीकृत असतात. त्यात भिरभिऱ्याची नक्षीही असू शकते. म्हणजे दूरच्या विश्वाची खूण आणि आपल्या अंगणातली धूळ ही दिसायला सारखीच.

दोन्ही वेगळी ओळखायची कशी? येथे आपल्या सराफ बंधूंना लगेच उमगेल. केवळ रंगावरून सोने आणि पितळ ओळखता येईलच असे नाही, म्हणून कसोटीचा दगड लागतो. येथील कसोटी म्हणजे निरनिराळ्या कंपनसंख्या. कंपनसंख्या वाढवीत नेली तर धुळीची चमक वाढत जाते आणि जुन्या प्रकाशाची वेगळ्या प्रमाणात बदलते. दोन-तीन ठिकाणी मोजले की भेसळ उघड होते. 'बायसेप-२' मात्र एकाच कंपनसंख्येवर, १५० गिगाहर्ट्झवर पाहत होती. यंत्रातील दोष शोधण्यात त्या मंडळींनी कसूर केली नव्हती, ती तपासणी अत्यंत काटेकोर होती. त्रुटी यंत्राच्या बाहेर होती.

धुळीची खरी वही दुसऱ्याकडे होती. युरोपीय अवकाश संस्थेने २००९ साली सोडलेला 'प्लँक' उपग्रह संपूर्ण आकाश अनेक कंपनसंख्यांवर मोजत होता. ३५३ गिगाहर्ट्झवर त्याला धूळ स्पष्ट दिसत होती. परंतु आकाशाच्या त्या भागातील ध्रुवीकरणाचा प्लँकचा नकाशा तेव्हा प्रसिद्ध झालेला नव्हता. म्हणून बायसेपच्या मंडळींनी धुळीचा अंदाज उपलब्ध प्रतिमानांवरून बांधला. त्यांतील एका अंदाजासाठी प्लँकच्या एका शास्त्रज्ञाने सभेत दाखवलेल्या चित्राचाही आधार घेतला. शिवाय निबंध परीक्षकांच्या हातून जाण्यापूर्वीच पत्रकार परिषद झाली. दुसरी पथके याच शोधाच्या शर्यतीत होती, हे त्यामागचे मानवी कारण सहज समजण्यासारखे आहे.

मे महिन्यापासून इतर शास्त्रज्ञ शंका घेऊ लागले. जूनमध्ये निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकांनी भाषा सौम्य केली आणि धुळीची शक्यता नाकारता येत नाही हे त्यात नोंदवले. सप्टेंबरमध्ये प्लँकने आपले मोजमाप जाहीर केले. त्या 'स्वच्छ' तुकड्यातही अशी नक्षी उमटवण्याइतकी धूळ होती. मग दोन्ही पथकांनी आपापल्या वह्या एकत्र मांडल्या. ३० जानेवारी २०१५ रोजी निष्कर्ष जाहीर झाला की, धूळ वजा केल्यावर आरंभीच्या गुरुत्वलहरींचा ठोस पुरावा उरत नाही. 'आर' हा आकडा ०.१२ पेक्षा कमी असला पाहिजे, एवढेच म्हणता येते.

होल्मडेलच्या दोघांनी आधी घाणीवर संशय घेतला आणि हाती विश्वाचा प्रकाश आला. ध्रुवावरच्या मंडळींनी विश्वाचा प्रकाश मानला आणि हाती धूळ आली. प्रामाणिकपणा दोन्हीकडे सारखाच होता. फरक होता तो जमा नोंद कधी पक्की करायची, याच्या वेळेचा. हिशेबशास्त्रात आम्हाला शिकवले जाई की संभाव्य तोट्याची तरतूद आधीच करावी, पण हाती न आलेला नफा जमा धरू नये. एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा हा नियम आकाशालाही लागू पडतो, हे मला तेव्हा सुचले नाही.

चूक मान्य करण्याची रीत

या प्रकरणातील एका गोष्टीची मला अधिक किंमत वाटते. ज्यांनी सर्वांसमक्ष दावा केला होता, त्यांनीच दुरुस्तीच्या निबंधावर आपली नावे घातली. प्लँकच्या मंडळींबरोबर बसून त्यांनी स्वतःचा निष्कर्ष मागे घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून दुर्बिणीत सुधारणा सुरू ठेवली. आता ते अनेक कंपनसंख्यांवर मोजतात. त्याच पथकाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात 'आर' ०.०३६ पेक्षा कमी असल्याचे ९५ टक्के खात्रीने म्हटले आहे. इन्फ्लेशनची जी प्रतिमाने मोठ्या गुरुत्वलहरी सांगत होती, त्यांतील काही यामुळे बाद झाली. म्हणजे चुकलेल्यांनीच पुढे सर्वांत चांगला हिशेब मांडला.

आपल्याकडे संवत्सरीला आपण मिच्छामि दुक्कडं म्हणतो, दिगंबर बांधव क्षमावाणी साजरी करतात. प्रतिक्रमणाचा अर्थच मागे फिरून आपल्या स्थानी परत येणे असा आहे. पण आपण क्षमा मागतो ती बहुधा कठोर शब्दांबद्दल, मन दुखावल्याबद्दल. आपण खात्री नसताना ठामपणे जे बोललो, त्याबद्दल क्षमा मागण्याची सवय मला तरी नव्हती. खात्री नसलेले खात्रीने सांगणे हाही सत्यव्रताला लागलेला डागच आहे, असे मला आता वाटते.

आपल्या वहीचे काय?

लोकाला आरंभ आहे की नाही, हा मूळ प्रश्न आहे. येथे दोन्ही बाजूंनी घाई होते, आणि दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

एक घाई माझी होती. भिरभिऱ्याची नक्षी उद्या खरोखर सापडली, तरी तिने सिद्ध होईल ते एवढेच की अगदी पूर्वकाळी विश्व वेगाने फुगले. त्यापूर्वी काही होते की नव्हते, याचे उत्तर त्या नक्षीत नाही. 'शून्यातून निर्मिती' हा अर्थ वर्तमानपत्रांनी आणि माझ्यासारख्या वाचकांनी तिला चिकटवला होता.

दुसरी घाई उलट दिशेची आहे. आपले थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण घ्या. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले, पुण्यात आयुका ही संस्था उभारणारे, आणि मराठीत विज्ञानकथा लिहून घराघरात पोहोचलेले नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांताचे अखेरपर्यंत चिकित्सक राहिले. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ साली एक पर्यायी सिद्धांत मांडला. त्यात विश्वाला आरंभ नाही, ते आलटून पालटून प्रसरण व आकुंचन पावते. हे वाचताच आपल्याला उत्सर्पिणी-अवसर्पिणीचे कालचक्र आठवते, आणि 'विज्ञानाने आगम मान्य केले' असे संदेश आपण एकमेकांना पाठवू लागतो. परंतु हिशेब पूर्ण वाचला पाहिजे. त्या सिद्धांतात जुन्या प्रकाशाचा उगम पूर्वीच्या ताऱ्यांच्या प्रकाशात आहे, आणि तो प्रकाश अवकाशातील लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी, म्हणजे पुन्हा एका प्रकारच्या धुळीनेच, शोषून एकसारखा केला असे मानलेले आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हे मान्य केले नाही. २००२ नंतर मोजलेले ध्रुवीकरण आणि तापमानातील चढउतार यांचा मेळ तप्त, दाट आरंभावस्थेच्या गणिताशी फार चांगला बसला, हे त्याचे एक मोठे कारण. नारळीकर स्वतः अवैज्ञानिक दाव्यांचे कठोर टीकाकार होते. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा आदर करायचा असेल तर त्यांच्या नावावर त्यांनी न केलेली नोंद आपण घालू नये.

तत्त्वार्थसूत्रात अंधार, छाया, आतप आणि उद्योत ही पुद्गलाची रूपे सांगितली आहेत, म्हणजे प्रकाश हा द्रव्याचाच पर्याय मानला आहे. हा विचार खोल आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्यात सूक्ष्मलहरी शोधू लागलो तर आपण सूत्राचाही मान राखत नाही आणि विज्ञानाचाही. आगमाचे प्रमाण वेगळे, दुर्बिणीचे वेगळे. आगमाचे स्थान कोणत्याही 'आर' आकड्यावर अवलंबून नाही. तसे ते एकदा अवलंबून ठेवले, तर आकडा बदलताच श्रद्धाही बदलावी लागेल.

आपल्या परंपरेने यासाठी एक शिस्त दिलेली आहे. स्याद्वादात विधान करताना 'स्यात्' म्हणावे लागते, म्हणजे अमुक दृष्टीने, अमुक मर्यादेत. काही जण याला संशयवाद समजतात, ते खरे नाही. ही विधानाची मर्यादा स्पष्ट लिहून ठेवण्याची रीत आहे. '९५ टक्के खात्रीने, ०.०३६ पेक्षा कमी' हे वाक्य मला याच कुळातील वाटते. मी साम्य तेवढे सांगतो आहे, आचार्यांना संख्याशास्त्र ठाऊक होते असे म्हणत नाही.

व्यापाऱ्याला हीच शिस्त दुसऱ्या नावाने ठाऊक आहे. रक्कम आली, पण ती कोणाची, कशाबद्दल, हे कळले नाही, तर आपण ती ना नफ्यात घेत ना कोणाच्या नावावर टाकत. ती उचंत खात्यात ठेवतो. उचंत खाते असणे यात कमीपणा नाही. ते न ठेवता बळेच मेळ घालणारा मुनीम मात्र कोणत्याही पेढीवर टिकत नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मी मंडळात गेलो. सर्वांसमोर सांगितले की गेल्या वर्षी मी जे ठामपणे बोललो ते चुकीचे होते, आणि शेठजींना मिच्छामि दुक्कडं म्हटले. त्यांनी हात जोडले. मग नेहमीच्या पद्धतीने विचारले, "मग आता ती रक्कम ठेवली कुठे?"

"उचंतला," मी म्हणालो.

"ठेवा. पण वर तारीख घाला, साहेब. उचंत जुनं झालं की लोक त्याला आपलंच समजायला लागतात."

शेठजी आज हयात नाहीत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ही नोंद तारखेसह लिहून ठेवतो. आरंभीच्या गुरुत्वलहरींची खूण: २०२१ च्या निबंधानुसार आढळलेली नाही, मर्यादा ०.०३६. दक्षिण ध्रुवावर मोजणी चालू आहे. चिली देशातील अटाकामाच्या वाळवंटात सुमारे ५२०० मीटर उंचीवर सायमन्स वेधशाळा उभी राहिली आहे. गणितातून गुंतवणुकीच्या व्यवसायात आलेले जिम सायमन्स यांनी कमावलेल्या धनातील मोठा वाटा तिला मिळाला आहे. ज्ञानदान मानणाऱ्या आपल्या समाजाने याची दखल घ्यावी. जपानही याच कामासाठी 'लाइटबर्ड' नावाच्या उपग्रहाची योजना आखत आहे. या वह्या एकमेकींशी ताडून झाल्यावर जे उरेल ते पुढच्या पिढीने खतावावे.

तोवर घरातील मुलांनी 'विश्वाला सुरुवात होती का?' असे विचारले, तर त्यांना आपले अनादि-अनंत लोकाचे प्रतिपादन जरूर सांगावे, १३८० कोटी वर्षांचा प्रकाशही सांगावा, आणि दोन्हींमधला मेळ अजून लागलेला नाही हेही न लाजता सांगावे.

जय जिनेंद्र.